भद्रकालीत १८ हजारांना मिळणारा जुना पेटी कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवताना सामानात काळ्या चामड्याने मढवलेली लाकडी पेटी निघाली. पुढे बारीकसं भिंग, वर एक आणि बाजूला एक अशा दोन छोट्या खिडक्या, एक खटका, मागे दार. भद्रकालीतला जुन्या वस्तूंचा व्यापारी ती ‘१८८० चा ब्रिटिश कॅमेरा’ म्हणून १८ हजारांना देतोय. हलवली की आत काहीतरी खडखडतं. विचारणाऱ्याला हवंय ते असं: ती खरंच इतकी जुनी आहे का, किंमत रास्त आहे का, साफ कशी करायची, वापरता येईल का, आणि पुढेमागे परदेशात विकता येईल का.

आधी त्या खडखडीबद्दल, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून येत नाही. पेटीचं मागचं दार उजेडात उघडू नका. आत चार गोष्टी असू शकतात: रिकामे पत्र्याचे शीथ (प्लेट धरायच्या पातळ चौकटी), फुटलेली काच, सुटलेली स्प्रिंग, किंवा फोटो काढून झालेल्या पण न धुतलेल्या प्लेट्स, म्हणजे फिल्मऐवजी वापरायच्या, रसायनाचा थर दिलेल्या काचा. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटवर उमटलेलं, न धुतलेलं चित्र अनेक दशकं तग धरू शकतं. धूसर होतं, कडांनी काळवंडतं, तरी कधीकधी चेहरा ओळखू येईल इतकं हाती लागतं. म्हणून दार उघडायचं ते पूर्ण अंधाऱ्या खोलीत किंवा फिल्म भरायच्या काळ्या चेंजिंग बॅगमध्ये. लाल दिवाही नको. लाल रंगालाही प्रतिसाद देणाऱ्या प्लेट्स १९०६ पासून बाजारात होत्या, आणि असा कॅमेरा घरात त्यानंतरही बरीच वर्षं वापरात असू शकतो. फुटकी काच असण्याची शक्यता धरून हातात मोजे घाला. काचेचं वजन असलेले शीथ सापडले तर ते तसेच काळ्या कागदात गुंडाळून उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवा आणि प्लेट धुण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडेच द्या. व्यापाऱ्याने दुकानात दार दहा वेळा उघडून दाखवलं असेल तर प्रश्न बहुतेक मिटलाच. तरी चळतीतल्या मागच्या प्लेट्सना पुढच्या शीथच्या पत्र्याचा आडोसा मिळतो, त्यामुळे मधल्या एखाद-दोन वाचलेल्या असू शकतात.

आणि व्यापाऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा: त्याच वाड्यातून काचेच्या निगेटिव्ह निघाल्या का? त्या बहुतेक वेळा काच म्हणून भंगारात जातात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा गोदाघाट, एखादी वरात, वाड्याच्या चौकातलं कुटुंब, असं काही त्यांच्यावर असेल तर या शहरासाठी त्यांचं मोल कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मिळाल्या तर आडव्या रचू नका. खालच्या प्लेट्स वजनाने तडकतात. प्रत्येक प्लेट आम्लविरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवायची.

आता मूळ मुद्दा. ‘किती जुना’ हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण अशा कॅमेऱ्याची किंमत आणि उपयोग दोन्ही ठरतात ते ‘किती पूर्ण’ यावर. प्लेट कॅमेरा म्हणजे नुसती पेटी नव्हे. पेटी, तिचं मूळ भिंग, शटर, आणि प्लेट धरणारी साधनं, म्हणजे प्रकारानुसार शीथ किंवा डार्क स्लाइड (प्लेट उजेडापासून झाकून ठेवणारी चपटी पेटी) आणि ग्राउंड ग्लास (फोकस पाहायची घासलेली काच), असा तो संच असतो. पेटी टिकते, बाकीचं हरवतं. आणि हरवलेला भाग दुसऱ्या कॅमेऱ्याचा बसवावा म्हटलं तर बसत नाही, कारण त्या काळात प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी होती. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी एकतर शीथ अडकतो किंवा उजेड शिरतो.

तुमच्या वर्णनावरून हा ‘फॉलिंग प्लेट’ प्रकारचा हातातला पेटी कॅमेरा वाटतो. आत बहुधा १२ प्लेट्स, प्रत्येक पातळ काळ्या पत्र्याच्या शीथमध्ये. सगळे शीथ भिंगाकडे तोंड करून एकामागे एक उभे, मागून एक स्प्रिंग लावलेली फळी त्यांना पुढे रेटते. फोटो काढला की खटका सरकवायचा. पुढच्या शीथची वरची पकड सुटते, तो पुढे कलतो आणि पेटीच्या तळाशी पालथा पडतो. मागचा आपोआप त्याच्या जागी येतो. दोन खिडक्या म्हणजे व्ह्यूफाइंडर, एक उभ्या फोटोसाठी आणि एक आडव्यासाठी.

हा प्रकार १८८० चा असू शकत नाही, आणि ते सिद्ध करायला कागदपत्रं लागत नाहीत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने दिलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत प्लेट ओली असतानाच उजेड द्यायचा आणि लगेच धुवायची, म्हणजे १२ प्लेट्स भरून हिंडणं शक्यच नव्हतं. रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी प्लेट १८७१ मध्ये मांडली, ती वेगवान होऊन दुकानात सहज मिळू लागली ती १८७० च्या दशकाच्या अखेरीस. उजेड द्यायचा वेळ सेकंदांवरून सेकंदाच्या अंशावर आल्यावरच कॅमेरा तिवईवरून हातात आला. इंग्लंडमध्ये टॉमस बोलासने ‘डिटेक्टिव्ह’, म्हणजे हातात धरून गुपचूप फोटो काढायचा कॅमेरा १८८१ मध्ये दाखवला. आपोआप प्लेट पाडणाऱ्या पेट्या सर्रास दिसू लागतात त्या १८९० च्या दशकात, आणि १९१० च्या आसपासपर्यंत त्या बनत राहिल्या. तेव्हा तुमची पेटी १८९० ते १९१० मधली धरा. एकोणिसाव्या शतकातली आहे की विसाव्या, हे तपशिलावरून ठरेल.

ते तपशील पाहायला खिशात एक छोटी टॉर्च, १० पटीचं भिंग, स्टीलची पट्टी आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवा. पुठ्ठा ८२ बाय १०७ मिलिमीटरचा कापा. सव्वातीन बाय सव्वाचार इंची क्वार्टर प्लेटचं ते माप आहे, आणि इंग्लिश हातकॅमेऱ्यांत सर्वाधिक तेच सापडतं. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, होल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. शीथमध्ये ९ बाय १२ सेंटीमीटरची प्लेट बसत असेल तर कॅमेरा युरोप खंडातला, बहुधा जर्मन किंवा फ्रेंच, मग त्याला ‘ब्रिटिश’ म्हणणारी पाटी नंतरची असण्याचा संशय घ्या.

पाटीवर किंवा पेटीच्या आत कोरलेली अक्षरं नीट वाचा. ‘डी.आर.जी.एम.’ असेल तर कॅमेरा १८९१ नंतरचा, कारण जर्मनीत ती नोंदणीच त्या वर्षी सुरू झाली. ‘डी.आर.पी.’ हे जर्मन पेटंट १८७७ पासूनचं. ‘मेड इन जर्मनी’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर बहुधा १८८७ नंतरचा. ब्रिटनने त्या वर्षी परक्या मालावरच्या खुणांचा कायदा केला. ब्रिटिश पेटंटचा नुसता नंबर असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही: १९१५ पर्यंत तिथे दरवर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत. नंबरासोबत वर्ष असेल तरच कामाचं. अमेरिकन पेटंटची मात्र तारीखच कोरलेली असते. कारखान्याच्या नावापेक्षा त्याचा पत्ता जास्त बोलतो, कारण लंडन-बर्मिंगहॅमच्या दुकानांनी पत्ते वारंवार बदलले आणि त्यांची वर्षं छापील निर्देशिकांत मिळतात. पाटीवर ठळक ‘१८८५’ असं वर्ष कोरलेलं दिसलं तर खूश होऊ नका, सावध व्हा. खरे कारखानदार निर्मितीचं वर्ष क्वचितच कोरत.

भिंग तपासायला टॉर्च तिरकी धरा आणि काचेतली प्रतिबिंबं मोजा. हवेला लागून असलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग एक ठळक ठिपका देतो, चिकटवलेला जोड एक फिकट ठिपका देतो. २ ठळक आणि १ फिकट म्हणजे साधं लँडस्केप भिंग. स्वस्त पेट्यांत तेच असतं आणि ते मूळचंच असण्याची शक्यता मोठी. ४ ठळक आणि २ फिकट म्हणजे बहुधा रॅपिड रेक्टिलिनिअर. डॉलमायरने हे भिंग १८६६ मध्ये आणलं आणि पुढची अनेक दशकं बऱ्यापैकी कॅमेऱ्यांत तेच बसवलं जाई. ६ ठळक आणि फिकट एकही नाही, म्हणजे कुक ट्रिपलेटच्या घराण्यातलं. त्याचं पेटंट १८९३ चं, तेव्हा कॅमेरा त्यानंतरचा किंवा भिंग बदललेलं. ठिपके मोजताना टॉर्च थोडी हलवत राहा, नाहीतर फिकटवाले सुटतात.

अ‍ॅपर्चरच्या (भिंगातून उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या) आकड्यांवरूनही काळ कळतो. ४, ८, १६, ३२, ६४ असे दुपटीने वाढणारे आकडे दिसले तर ती जुनी ‘यू.एस.’ (युनिफॉर्म सिस्टीम) पद्धत आहे: त्यातला ४ म्हणजे आजचा एफ/८, ८ म्हणजे एफ/११, १६ दोन्हीकडे सारखाच, ३२ म्हणजे एफ/२२. भोकांची फिरती चकती असेल तर स्वस्त किंवा जुनी बनावट. पाकळ्यांचा आयरिस हातकॅमेऱ्यांत १८९० च्या दशकात रुळला. भिंगाच्या नळीला वरून चीर असेल आणि तिच्यात भोकांच्या सुट्या पट्ट्या सरकवायची सोय असेल, तर ती १८५८ पासूनची वॉटरहाउस पद्धत. ती तिवईवरच्या कॅमेऱ्यांची. हातपेटीत दिसली तर भिंग दुसरीकडून आणून बसवलेलं आहे.

खरा जुना म्हणजे १८४० ते १८६० च्या दशकांतला पेटी कॅमेरा याहून पूर्ण वेगळा दिसतो. एक पेटी दुसरीत सरकते आणि त्या सरकण्याने फोकस होतो, भाता (पुढेमागे होणारी घड्यांची नळी) नसतो, लाकूड उघडं महोगनी, मागे ग्राउंड ग्लास. ओल्या प्लेटसाठी वापरला असेल तर डार्क स्लाइडच्या तळाशी सिल्व्हर नायट्रेट गळून पडलेले काळे डाग असतात आणि कोपऱ्यांत प्लेट टेकवायला चांदीची तार किंवा काचेचे तुकडे. हे डाग पुसू नका, ते वापराचा पुरावा आहेत. असा कॅमेरा नाशकात अवचित सापडेल ही आशा मी धरणार नाही. देवळालीच्या छावणीतले आणि आरोग्यधामांतले जुने बंगले रिकामे होतात तेव्हा निघतात ते बहुतेक १८९० नंतरचे हातकॅमेरे किंवा भात्याचे फील्ड कॅमेरे.

बाजारात दोन गोष्टी १९ व्या शतकाच्या नावाखाली सर्वाधिक खपवल्या जातात. पहिली, शोभेची नक्कल: शिसवी लाकूड, चकचकीत पितळ, ‘लंडन’ कोरलेली पाटी. तिची मागची बाजू पाहिली की पुरे. प्लेट बसायला खाच नसते, ग्राउंड ग्लास नसतो किंवा साधी काच असते, आतून काळा रंग नसतो, आणि भिंग म्हणजे एकच फुगीर काच. फुलीच्या खाचेचा एकही स्क्रू दिसला तर निदान तो भाग तरी नवा. दुसरी गोष्ट नक्कल नव्हे, उलट चांगली वस्तू आहे: भारतातच बनलेले लाकडी स्टुडिओ आणि फील्ड कॅमेरे. केरळात आलप्पुळ्याला ‘वागीश्वरी’ कॅमेरे विसाव्या शतकाच्या मध्यात बनत होते, आणि आपल्याकडचे स्टुडिओ लाकडी कॅमेऱ्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षं पासपोर्ट फोटो काढत होते. ते कॅमेरे आपल्या छायाचित्रणाचा इतिहास म्हणून जरूर जमवावेत, पण व्हिक्टोरियन किंमत देऊन नाही.

आणि नाशकात एक बोलणं हमखास ऐकू येतं: ‘हा फाळक्यांच्या वेळचा’, पुढे जाऊन ‘फाळक्यांकडचा’. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, हे खरंच आहे. पण त्यामुळे या जिल्ह्यातला प्रत्येक जुना कॅमेरा त्यांचा होत नाही. पावती, पत्र, कॅमेऱ्यासह काढलेला फोटो किंवा घराण्याकडून आलेली लेखी नोंद असेल तरच त्या नावाचे पैसे द्या.

किंमतीबद्दल स्पष्ट बोलतो. साधे फॉलिंग प्लेट कॅमेरे त्या काळी मोठ्या संख्येने बनले, आणि परदेशी लिलावांत ते आजही स्वस्त गटात येतात. १८ हजार ही रक्कम मला जास्त वाटते. पूर्ण १२ शीथ, मूळ भिंग, चालणारं शटर, दोन्ही व्ह्यूफाइंडर शाबूत, चामडं धडधाकट, वर कारखान्याची पाटी, इतकं सगळं असेल तर घासाघीस करून घ्यायला हरकत नाही. शीथ नसतील तर मी निम्म्याहूनही खाली मागेन, कारण मग ती शोभेची वस्तू उरते. कारखानदार नामांकित असेल, उदाहरणार्थ न्यूमन अँड गार्डिया, किंवा प्लेट बदलायला वर मऊ चामड्याची पिशवी असेल जिच्यातून बोटांनी प्लेट उचलून मागे ठेवतात, तर हिशेब बदलतो. त्या पेट्यांना वेगळा दर आहे. एवढ्या वर्णनावरून यापुढचं सांगता येणार नाही. ते पेटी हातात घेऊनच ठरवायचं.

शीथ मोजून थांबू नका, चालवून पाहा. रिकामा शीथ हलका असतो, तो नीट पडत नाही आणि कॅमेराच बिघडलाय असं वाटतं. काचवाल्याकडून क्वार्टर प्लेटच्या मापाच्या पातळ, दीड मिलिमीटरच्या आतल्या काचा कापून घ्या, कडा घासून घ्या, शीथमध्ये घाला आणि पेटी सपाट ठेवून एकेक पाडा. दोन एकदम पडले तर पकडीचा दात झिजलाय किंवा शीथच्या वरच्या कडा एकसारख्या नाहीत. मध्येच अडकला तर शीथ वाकलाय; काचेवर ठेवून कुठे उचलला जातो ते पाहा आणि दोन लाकडी ठोकळ्यांत दाबून सरळ करा, हातोडी नको. मागची फळी पुढे येत नसेल तर स्प्रिंग मेलेली आहे. ती ओढून ताणू नका. जुनी स्प्रिंग जपून ठेवा आणि तेवढ्याच जोराची नवी वळवून घ्या. शीथवरचा गंज फार महत्त्वाचा: तो घासून पडणारी भुकटीच पुढे प्लेटवर पांढरे-काळे ठिपके पाडते. कोरड्या ब्रशने झाडा, हट्टी गंज अगदी बारीक स्टील वूलने काढा. काळा मुलामा खरवडू नका.

शटरचा वेग मोबाइलवर मोजता येतो. सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये भिंगातून उजेड दिसेल असा व्हिडिओ घ्या आणि किती चौकटींत उघडं दिसतं ते मोजा. ८ चौकटी म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, या पेट्यांसाठी ठीक. २० च्या वर गेलं तर आत मळ आहे. तेल सोडू नका. पातळ तेल पात्यांवर आणि तिथून भिंगावर पसरतं, धूळ धरतं, आणि काही महिन्यांत शटर पहिल्यापेक्षा जड होतं. उजेड शिरतो का ते पाहायला अंधाऱ्या खोलीत पेटीत छोटी एलईडी टॉर्च ठेवून दार लावा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या, मग सांध्यांवरून नजर फिरवा.

आता साफसफाई. इथे जितकं कमी कराल तितकं बरं. पितळेवर मूळचा लाखेचा सोनेरी थर असतो. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही लावलं की तो थर जातो, कोरलेली अक्षरं बुजतात आणि किंमत तिथेच पडते. तांबट लेनमध्ये पितळेचं उत्तम काम होतं, हरवलेला स्क्रू किंवा तुटलेली पट्टी घडवायला जरूर जा, पण ‘चमकवून द्या’ म्हणू नका. मऊ ब्रशने धूळ झाडायची. चामड्याला लागून असलेल्या पितळेवर हिरवट मेणासारखा थर धरला असेल तर तो लाकडी दातकोरणीने काढायचा. उघडं लाकूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या कापसाने पुसायचं, लगेच कोरडं करायचं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा. जवसाचं तेल लाकडाला आणि खोबरेल तेल चामड्याला, हे दोन घरगुती उपाय टाळाच. तेल खवट होतं आणि पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते.

चामडं हाताला तांबूस भुकटी सोडत असेल तर त्याला रेड रॉट म्हणतात. झालेली झीज उलटत नाही, थांबवता येते. क्लुसेल जी नावाचा सेल्युलोजचा पदार्थ १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून मऊ ब्रशने एक पातळ थर द्या, वाळल्यावर गरज वाटली तर दुसरा. पण हाच अल्कोहोल फ्रेंच पॉलिश केलेल्या लाकडावर सांडला तर पॉलिश विरघळून पांढरा डाग पडतो, कारण ते पॉलिश लाखेचं असतं. म्हणून चामडं आणि लाकूड जिथे भेटतात तिथे हात आवरा.

भिंग धुऊ नका. हवेच्या फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूवर एकच थेंब अल्कोहोल घेऊन मधून बाहेर फिरवत पुसा. थेट काचेवर ओतलं तर ते कडेने जोडात शिरतं आणि आतला कॅनडा बालसम, म्हणजे काचा चिकटवणारा डिंक, विरघळवतं. कडेला इंद्रधनुष्यासारखी झाक किंवा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसत असेल तर बालसम सुटायला लागलाय. त्याने फोटोत फारसा फरक पडत नाही, राहू द्या. भिंग उघडलंत तर प्रत्येक काचेच्या कडेला पेन्सिलीने बाण काढून पुढची बाजू नोंदवा. उलटं बसवलेलं भिंग विकत घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्यांत आश्चर्य वाटेल इतक्या वेळा सापडतं.

नाशिकच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर दमट, मार्च ते मे कोरडं रखरखीत, आणि हिवाळ्यात रात्री थंड, दुपारी ऊन. या हेलकाव्यांत लाकूड फुगतं-आकसतं, सांधे उघडतात, चिकटवलेलं चामडं सुटतं. माळ्यावर ठेवलेल्या पेटीला तर पत्र्याखालची उष्णताही झेलावी लागते. घट्ट झाकणाचा ४० लिटरचा डबा घ्या, त्यात २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. ४५ च्या खाली गेला तर जेल काढा. अति कोरडेपणाने चामडं तडकतं, आणि ते पुन्हा सांधत नाही. भिंग चामडी केसमध्ये बंद करून ठेवू नका, केस ओल धरते. डांबर गोळ्या नकोत. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात सामान वाळवायची आपली रीत कॅमेऱ्याला लागू करू नका: चामडं आकसतं आणि बालसम मऊ पडतो. सावलीत, पंख्यापासून दूर, दार उघडं ठेवून तासभर हवा लागू द्या.

पेटीखाली पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर लाकडात जिवंत किडा आहे. रॉकेल किंवा कीटकनाशक फवारू नका. भिंग आणि काचा काढून घ्या, पेटी जाड प्लास्टिकमध्ये हवा दाबून काढून सीलबंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव जमतं. महिन्याभरात पुन्हा भुकटी दिसली तर हेच परत करायचं. बाकी संग्रहापासून ही पेटी तोवर वेगळी.

वापरायचा असेल तर सुरुवात फोटो पेपरने करा. लाल दिव्यात पेपर ८२ बाय १०७ मिलिमीटरचा कापा आणि मागे पुठ्ठा लावून काचेइतकी जाडी करा. पेपर शीथच्या पुढच्या दुमडीला टेकला पाहिजे, मागे राहिला तर सगळंच धूसर येईल. पेपरचा वेग साधारण आयएसओ ६ धरा. लख्ख उन्हात एफ/१६ ला सेकंदाचा सहावा भाग, एफ/२२ ला तिसरा. पेटीचं ‘झटपट’ शटर याला अपुरं पडतं, म्हणून ‘टाइम’वर ठेवून पेटी घट्ट टेकवा आणि हाताने उघडा-बंद करा. पुठ्ठा काचेपेक्षा हलका असल्यामुळे शीथ पडताना अडतो. कॅमेरा किंचित पुढे कलवून खटका सरकवा. फील्ड कॅमेऱ्याचा ग्राउंड ग्लास फुटला असेल तर दोन काचांमध्ये ६०० नंबरची कारबोरंडम पावडर आणि पाणी घालून पंधरा मिनिटं गोल घासलंत की घरीच बनतो. घासलेली बाजू भिंगाकडे बसवायची.

परदेशी विक्रीचं उत्तर मात्र निराश करणारं आहे. पुरातन वस्तू आणि कलासंपत्तीच्या १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. कारखान्यात बनलेला साधा हातकॅमेरा त्यात मोडतो की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण वस्तू पाहून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र देतं, त्यासाठी सगळ्या बाजूंचे फोटो, मापं आणि खरेदीची पावती लागेल. म्हणून भद्रकालीतल्या त्या व्यापाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, पण तारीख, वर्णन आणि कुठल्या वाड्यातून आला हे लिहून सही घ्या. उलट दिशेने, परदेशातून मागवताना, विक्रेत्याला बीजकावर निर्मितीचा अंदाजे काळ आणि १०० वर्षांवरील जुन्या वस्तूंचं ९७०६ हे कस्टम्स शीर्षक लिहायला सांगा, नाहीतर पार्सल साधा कॅमेरा म्हणून अडकतं. आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कुठल्याही परदेशी ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेऊ नका.